मधुमेह शिक्षकाचे काम आणि पदनाम कसे ठरवावे: कोल्हापुरातील परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी

मधुमेह असलेल्या रुग्णांना शिकवण्याचे काम कोल्हापुरात अनेक जण करतात, परंतु त्या कामाला एक नाव नाही. एका दवाखान्यात ते करणारी व्यक्ती ‘काउन्सेलर’ असते, दुसऱ्या ठिकाणी ‘डाएटच्या मॅडम’, तिसऱ्या ठिकाणी ‘शुगरच्या सिस्टर’ आणि औषध दुकानात ‘इन्सुलिनचे पेन कसे वापरायचे ते सांगणारा मुलगा’. नाव ठरलेले नसल्याने कामाची हद्दही ठरत नाही. त्यामुळे रुग्ण कधी गोळी बंद करू का, असा प्रश्न घेऊन येतो, तर कधी साधी सुई बदलण्याची शंका विचारायलाही तो डॉक्टरांकडेच रांगेत बसतो. आपण या कामात असाल किंवा येऊ इच्छित असाल, तर आधी काम लेखी ठरवावे, मग त्या कामाला शोभेल असे नाव घ्यावे आणि पाटी सर्वांत शेवटी लावावी. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने दिले आहे.

नाव बदलण्यामागे काय घडले, ते समजून घ्यावे

अमेरिकेत मधुमेह शिक्षकांची संघटना 1973 साली स्थापन झाली आणि 1986 पासून या कामासाठी स्वतंत्र प्रमाणन-परीक्षा सुरू झाली. अनेक वर्षे ‘सर्टिफाइड डायबेटिस एज्युकेटर’ हे बिरुद रूढ होते. जानेवारी 2020 मध्ये संघटनेने स्वतःचे नाव बदलून ‘असोसिएशन ऑफ डायबेटिस केअर अँड एज्युकेशन स्पेशालिस्ट्स’ असे केले आणि त्याच वर्षी प्रमाणपत्राचे नावही ‘सर्टिफाइड डायबेटिस केअर अँड एज्युकेशन स्पेशालिस्ट’ असे झाले. ‘एज्युकेटर’ म्हटले की वर्ग घेणारी, पत्रके वाटणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात हे लोक ग्लुकोजच्या नोंदींचा अर्थ लावत होते, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या लेखी नियमांनुसार इन्सुलिनच्या मात्रेत बदल सुचवत होते, इन्सुलिनचा पंप आणि ग्लुकोज सतत मोजणारा सेन्सर बसवून देत होते, आणि आजाराला कंटाळलेल्या माणसाला सांभाळत होते. नव्या नावात ‘केअर’ हा शब्द त्यासाठीच आला.

सर्व देशांनी मात्र हा मार्ग धरलेला नाही. ऑस्ट्रेलियात आजही ‘क्रेडेन्शियल्ड डायबेटिस एज्युकेटर’ हे पद आहे, कॅनडात ‘सर्टिफाइड डायबेटिस एज्युकेटर’ आहे आणि ब्रिटनमध्ये हे काम प्रामुख्याने ‘डायबेटिस स्पेशालिस्ट नर्स’ करतात. अमेरिकेने नाव बदलले म्हणून आपणही बदललेच पाहिजे, असे नाही. पाहायचे ते एवढेच, की तिथे नाव बदलण्याआधी काम बदललेले होते आणि त्या कामामागे परीक्षा, अनुभवाचे तास व दर पाच वर्षांनी नूतनीकरण अशी चौकट उभी होती.

भारतात गरज मोठी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांना दहा मिनिटांच्या तपासणीत सगळे शिकवणे कोणत्याही डॉक्टरला शक्य नाही. मात्र परिचारिका किंवा फार्मासिस्ट यांची राज्याच्या परिषदेतील नोंदणी जशी रुळलेली आहे, तशी मधुमेह शिक्षकाची अजून रुळलेली नाही. त्यामुळे हे नाव कोणीही लावताना दिसतो, आणि ते जपण्याची जबाबदारी ते लावणाऱ्यावरच येते.

आपली मूळ पात्रता पक्की करावी

मधुमेह शिक्षण हे एखाद्या मूळ व्यवसायावर चढवलेले कौशल्य आहे, हे आधी मान्य करावे. परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेतील नोंदणी, फार्मासिस्टची महाराष्ट्र राज्य औषध व्यवसाय परिषदेतील नोंदणी, आहारतज्ज्ञाची पदव्युत्तर पदवी आणि असल्यास भारतीय आहारशास्त्र संघटनेची ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ ही मान्यता, ही कागदपत्रे अद्ययावत नसतील तर पुढचे काहीही करू नये. मूळ पात्रता कोणतीच नसताना केवळ एखादा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम करून या कामात उतरणाऱ्यांना माझा स्पष्ट सल्ला असा आहे, की त्यांनी नोंदी ठेवणे, भेटी ठरवणे, तपासणीसाठी रुग्णाला तयार करणे अशी साहाय्यकाची कामे प्रामाणिकपणे करावीत आणि सल्ला देणे टाळावे.

त्यानंतर प्रशिक्षण. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या ‘स्कूल ऑफ डायबेटिस’मध्ये मधुमेह शिक्षकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत आणि देशातही हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ‘डायबेटिस एज्युकेटर’ या कामाची कौशल्ये निश्चित केलेली आहेत. अभ्यासक्रम निवडताना त्याच्या प्रमाणपत्राची छपाई पाहू नये. त्यात प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे काम किती आहे, ते कोणाच्या देखरेखीखाली होते आणि परीक्षा कशी घेतली जाते, हे विचारावे. अमेरिकेच्या प्रमाणनासाठी रुग्णांना स्वव्यवस्थापन शिकवण्याचा किमान एक हजार तासांचा अनुभव लागतो आणि तो अनुभव अमेरिकेतीलच असावा लागतो. म्हणून त्या बिरुदाची आद्याक्षरे इथे कोणी सहज नावापुढे लावत असेल, तर ते खोटे ठरते, मग हेतू कितीही चांगला असो.

कामाची हद्द एका पानावर लिहून घ्यावी

ज्या डॉक्टरांसोबत काम करणार आहात, त्यांच्याबरोबर एकदा निवांत बसून एका पानाचे लेखी ठरावपत्र तयार करावे. त्याचे तीन भाग असावेत: जे आपण स्वतः करू शकतो, जे डॉक्टरांच्या लेखी सूचनेनेच करू शकतो आणि जे कोणत्याही स्थितीत करणार नाही.

पहिल्या भागात शिकवण्याचे सारे काम येते. आहाराची आखणी, ग्लुकोमीटरचा वापर, इन्सुलिन टोचण्याची पद्धत, टोचलेल्या जागी गाठी झाल्या आहेत का हे हाताने चाचपून पाहणे, पायांची प्राथमिक पाहणी, साखर कमी झाल्यास काय करावे, आजारी पडल्यास केव्हा दवाखाना गाठावा, हे आपले हक्काचे क्षेत्र आहे. दुसऱ्या भागात मात्रेतील बदल येतात. उदाहरणार्थ, सकाळची उपाशीपोटीची साखर सलग तीन दिवस ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर रात्रीचे इन्सुलिन किती युनिटने वाढवावे आणि 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यास किती कमी करावे, याची रुग्णागणिक सूचना डॉक्टरांनी केसपेपरवर सहीनिशी लिहिलेली असेल, तरच आपण तो बदल रुग्णाला कळवावा. ‘मागच्या वेळी साहेबांनी असेच सांगितले होते’ ही सूचना होत नाही. तिसऱ्या भागात नवे औषध सुरू करणे, चालू औषध बंद करणे, निदान सांगणे आणि एखाद्या कंपनीचे उत्पादन सुचवणे या गोष्टी स्पष्ट शब्दांत नाकारलेल्या असाव्यात.

या पानाची किंमत इन्सुलिनच्या बाबतीत सर्वांत चांगली कळते. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा प्रति मिलिलिटर 40 युनिटचे असते, तर पेनच्या कार्ट्रिजमधील (पेनमध्ये बसवायच्या नळीतील) 100 युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात. 40 च्या सिरिंजचे टोपण लाल आणि 100 च्या सिरिंजचे नारिंगी असते. पेन बिघडले म्हणून कोणी कार्ट्रिजमधले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत ओढले, तर शरीरात 20 नव्हे, 50 युनिट जातात. उलट बाटलीतील इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत घेतले, तर केवळ 8 युनिट जातात आणि साखर का वाढते आहे याचे कोडे घरात कोणालाच सुटत नाही. अशा वेळी मात्रा वाढवण्याची मागणी घेऊन रुग्ण येतो. आपण आधी त्याची बाटली, सिरिंज आणि टोचण्याची रीत पाहिली, तर औषध न बदलता प्रश्न सुटतो. न पाहता मात्रा वाढली, आणि पुढच्या महिन्यात दुकानदाराने योग्य सिरिंज दिली, तर साखर धोकादायकरीत्या खाली येते. म्हणून ठरावपत्रात एक ओळ अशी असावीच: इन्सुलिनची मात्रा बदलण्यापूर्वी रुग्ण वापरत असलेले साहित्य प्रत्यक्ष पाहिले जाईल.

रुग्णाला केव्हा भेटावे आणि काय विचारावे

रुग्ण आला की शिकवले, ही पद्धत अपुरी पडते. अमेरिकेतील संघटनांनी 2015 मध्ये चार वेळा निश्चित केल्या आणि त्या इथेही लागू पडतात: निदान झाल्यावर, त्यानंतर दरवर्षी, नवी गुंतागुंत उद्भवल्यावर आणि आयुष्यात किंवा उपचारात मोठा बदल झाल्यावर. शेवटची वेळ आपल्याकडे सर्वांत जास्त निसटते. सासूबाई गावाहून शहरात मुलाकडे राहायला आल्या, निवृत्तीनंतर चालणे थांबले, सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातून सुट्टी मिळून रुग्ण कागलच्या घरी गेला, या प्रत्येक प्रसंगी औषधांची वेळ, जेवणाची वेळ आणि काळजी घेणारी व्यक्ती बदलते. अशा रुग्णांची यादी दवाखान्याकडून आठवड्यातून एकदा मागून घ्यावी.

विचारायचे विषयही ठरलेले असावेत. सकस आहार, हालचाल, औषधे, तपासणी, गुंतागुंत टाळणे, अडचण सोडवणे आणि मनाने आजाराशी जुळवून घेणे, असे स्वतःची काळजी घेण्याचे सात विषय या व्यवसायात मान्य आहेत. सातही एका बैठकीत घेण्याचा हट्ट धरू नये. माझ्या मते पहिल्या भेटीत दोन पुरतात, आणि त्यांतला एक रुग्णाने निवडलेला असावा.

कोल्हापुरात आहाराची चर्चा करताना छापील तक्ता बाजूला ठेवणे बरे. ‘साखर सोडली आहे, आता गुळाचाच चहा घेतो’ हे वाक्य गुळाच्या या जिल्ह्यात रोज ऐकू येते. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते आणि रक्तातील साखर तो साखरेसारखाच वाढवतो, हे गुऱ्हाळमालकाच्या घरीसुद्धा सांगण्याची तयारी ठेवावी. मिसळीच्या बाबतीत मटकीला दोष देण्यापेक्षा वरचे फरसाण आणि सोबतचे ब्रेडचे स्लाइस मोजावेत. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर बंदी घालणारा शिक्षक दुसऱ्या भेटीला रुग्ण गमावतो. रस्सा किती वाट्या, त्यातले नारळाचे दूध आणि तेल किती, सोबत भात किती आणि भाकरी किती, हे विचारणारा टिकतो. ‘मावशी, काल रात्री ताटात काय काय होते, ते सांगा बघू’ असे विचारले तर खरे उत्तर मिळते; ‘पथ्य पाळता का?’ असे विचारले तर ‘होय’ एवढेच मिळते.

नवरात्र हा तर या कामाचा परीक्षेचा काळ असतो. नऊ दिवसांचे उपवास धरणाऱ्यांपैकी जे ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांची साखर उपाशी राहिल्याने एकाएकी उतरू शकते. साबुदाणा आणि बटाटा यांवरच दिवस काढणाऱ्यांची ती चढते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांना लांबलेल्या उपवासात रक्तातील आम्ल वाढण्याचा धोका असतो. उपवास करू नका, असे सांगणे आपले काम नाही. घटस्थापनेच्या दोन-तीन आठवडे आधी अशा रुग्णांना शोधून डॉक्टरांकडून औषधांचा बदल लिहून घेणे आणि उपवास केव्हा सोडायचा, याचा आकडा घरच्यांना पाठ करून देणे, हे आपले काम आहे. साखर 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि तरीही ती कमी असेल तर पुन्हा तेवढेच घ्यावे, हा नियम देवीच्या दारातही लागू असतो.

त्याच दिवसांत अनवाणी चालण्याचे व्रतही अनेक जण धरतात. ज्यांच्या तळपायांची संवेदना गेली आहे, त्यांना तापलेली फरशी किंवा रुतलेला काटा कळत नाही. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्श कळतो का ते पाहण्याच्या नायलॉनच्या बारीक धाग्याने) तळव्याची तपासणी करण्यास काही मिनिटे लागतात आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला आपल्याला स्पर्शच समजला नाही हे उमगले, की पुढचा उपदेश फारसा करावा लागत नाही. कोल्हापुरी चपलेविषयीही अभिमान बाजूला ठेवून बोलावे. अंगठ्याचा पट्टा घासून जखम होऊ शकते आणि कडक तळ दाब वाटून घेत नाही. संवेदना गेलेल्या पायासाठी ती योग्य नाही.

गळीत हंगामात फडांवर राहणाऱ्या ऊसतोड मजुरांपैकी कोणी इन्सुलिनवर असेल, तर ‘फ्रिजमध्ये ठेवा’ ही सूचना निरुपयोगी आहे. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. वापरातील बाटली सावलीत, फार गरम न होणाऱ्या जागी साधारण चार आठवडे चालते. ओल्या वाळूत ठेवलेले छोटे मडके खोपीतही वापरता येते. नवा साठा मात्र दुकानात किंवा आरोग्य केंद्रातच राहू द्यावा आणि लागेल तशी एकेक बाटली न्यावी, असे त्यांना सांगावे.

पाटी, कार्ड आणि स्वतःची ओळख

आता नाव. मराठी पाटीवर ‘मधुमेहतज्ज्ञ’ असे लिहिले की वाचणारा त्याचा अर्थ डॉक्टर असाच करतो. म्हणून अमेरिकेतील ‘स्पेशालिस्ट’ शब्दाचे रूपांतर करून ते पाटीवर आणू नये. मूळ पात्रता आधी आणि कामाचे नाव नंतर, ही रचना मला सर्वांत निर्दोष वाटते: ‘नोंदणीकृत परिचारिका, मधुमेह शिक्षिका’, किंवा ‘आहारतज्ज्ञ, मधुमेह शिक्षण व काळजी’. फार्मासिस्टने दुकानाच्या पाटीवर नव्हे, तर सल्ल्याच्या टेबलावर हे नाव लावावे. आहारशास्त्रात पीएच.डी. असणाऱ्यांना नावामागे ‘डॉ.’ लावण्याचा विद्यापीठीय अधिकार आहे, परंतु दवाखान्यात ते लावायचे असल्यास पदवीचा विषय लगेच शेजारी लिहावा.

‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘90 दिवसांत गोळ्या बंद’ अशा मजकुराच्या जवळपासही जाऊ नये. औषधाने मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करण्यास 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. अशी पावडर विकणाऱ्याच्या शिबिरात ‘पाहुण्या मार्गदर्शक’ म्हणून बसलात, तरी नाव आपलेच जाते.

आपले मानधन इन्सुलिन किंवा ग्लुकोमीटर बनवणारी कंपनी देत असेल, तर ते रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगावे. हे अवघड वाटते, पण बहुतेक रुग्ण ते सहज स्वीकारतात. नंतर दुसरीकडून कळले तर स्वीकारत नाहीत. सरकारी व्यवस्थेत जाऊ इच्छिणाऱ्यांनी असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील समुपदेशकाच्या जागांवर लक्ष ठेवावे. तिथे पदनाम शासनाचे असते, त्यात आपल्या मनाने भर घालता येत नाही, आणि मधुमेहाबरोबर रक्तदाबाचे व कर्करोग-तपासणीचे कामही करावे लागते.

तोंडी ओळखही सरावाने ठरवून ठेवावी. ‘मी सुनीता, इथली परिचारिका आहे. डॉक्टरांनी लिहिलेली औषधे घरी कशी जमवायची, ते आपण दोघी मिळून ठरवू. औषध बदलायचे झाले तर डॉक्टरच बदलतील’, एवढे पुरे. बोलताना रुग्णाला ‘शुगरचा पेशंट’, ‘ऐकत नाही’, ‘कंट्रोल नाही’ असे संबोधणे टाळावे. 2017 मध्ये अमेरिकेतील दोन प्रमुख संघटनांनी अशा दूषण देणाऱ्या भाषेविरुद्ध लेखी शिफारशी केल्या. केसपेपरवरही ‘पथ्य पाळत नाही’ याऐवजी ‘रात्रपाळीमुळे दुपारची गोळी आठवड्यातून तीनदा चुकते’ असे लिहिले, तर वाचणाऱ्या डॉक्टरला उपाय सुचतो.

कामाचा पुरावा कसा ठेवावा

पद टिकवायचे तर नोंदी लागतात. किती व्याख्याने दिली आणि किती पत्रके वाटली, या आकड्यांना डॉक्टर किंवा व्यवस्थापन किंमत देत नाही, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक रुग्णाचे एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) पहिल्या भेटीला व तीन महिन्यांनी किती होते, दरम्यान साखर उतरण्याचे प्रसंग किती झाले, पायांची तपासणी झाली का, डोळ्यांच्या तपासणीला तो गेला का आणि त्याने स्वतः ठरवलेली गोष्ट जमली का, एवढे पाच रकाने साध्या वहीत पुरतात. एचबीए1सी बहुतेक प्रौढांसाठी 7 टक्क्यांच्या खाली असावे असे मानले जाते, पण वृद्ध व्यक्तीसाठी डॉक्टरांनी ते सैल ठेवले असेल, तर वहीत तोच आकडा लक्ष्य म्हणून लिहावा. सेन्सर लावणाऱ्या रुग्णांसाठी सहावा रकाना करावा: 70 ते 180 या पट्ट्यात दिवसाचा किती टक्के वेळ गेला. 70 टक्क्यांहून अधिक वेळ हे सर्वसाधारण लक्ष्य असते.

व्हॉट्सॲपवर आलेले अहवाल वहीत उतरवून घ्यावेत, गटात कधीही टाकू नयेत, आणि मेसेजला उत्तर देण्याची वेळ आधीच जाहीर करावी. रात्री अकराला आलेल्या ‘साखर 54’ या मेसेजला आपण झोपेत उत्तर देऊ शकत नाही. तेव्हा घरच्यांनी काय करायचे आणि कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे कार्डाच्या मागे छापलेले असावे.

शुल्क डॉक्टरांच्या तपासणीत धरलेले असावे की वेगळे, हा दवाखान्याचा प्रश्न आहे, पण वेगळे असेल तर फलकावर लिहावे.

ठरावपत्र दरवर्षी एकदा डॉक्टरांसोबत पुन्हा वाचावे. वर्षभरात आपण नवे काय शिकलो, कोणते काम प्रत्यक्षात करू लागलो आणि कोणते नुसते कागदावर राहिले, ते पाहून पहिल्या व दुसऱ्या भागातील ओळी वाढवाव्यात किंवा खोडाव्यात आणि दोघांनी नव्या तारखेसह सह्या कराव्यात. पाटीवरचे नाव बदलायचे असेल, तर ते या सह्यांनंतर बदलावे.